‘एका बाजूला ९०० मिली’: नितंबवृद्धीच्या एका निर्णयाचा प्रकरण अभ्यास

रुग्णेची ओळख पटू नये म्हणून वैयक्तिक तपशील बदलले आहेत. निर्णय कोणत्या क्रमाने झाले, हे दाखवणे एवढाच या नोंदीचा हेतू.

पार्श्वभूमी

वय ३२, बैठे काम, उंची १६४ सेमी, वजन ५८ किलो, बीएमआय २१.६. दिवसाला तीन-चार सिगारेटी, गर्भनिरोधक गोळ्या चालू. दोन वर्षांपूर्वी वजन ६७ किलो होते. जेवण कमी करून आणि चालून तिने नऊ किलो उतरवले, पण स्नायूंचा व्यायाम अजिबात केला नाही. असे वजन उतरले की नितंबांचे व्हायचे तेच झाले: चरबी गेली, स्नायू आधीच बेताचा, त्यामुळे मागची बाजू सपाट आणि खालच्या घडीजवळ त्वचा किंचित सैल. कमरेच्या दोन्ही बाजूंची चरबी मात्र हटली नव्हती.

ती आली तेव्हा तिच्याकडे आधीची दोन मते होती. एका क्लिनिकने व्हिडिओ कॉलवर, हात न लावता, ‘एका बाजूला ९०० मिली चरबी भरू’ असे सांगून आठवड्याभरात आगाऊ रक्कम मागितली होती. दुसऱ्याने सिलिकॉनचे इम्प्लांट सुचवले होते. तिचा प्रश्न सरळ होता: दोघांपैकी बरोबर कोण?

खरे तर शस्त्रक्रियेचा प्रकार हा इथला दुय्यम मुद्दा होता. पुढचे जवळजवळ सगळे दोनच गोष्टींवर ठरले: किती मिली, आणि कोणत्या थरात.

फोटो

तिने मोबाइलमध्ये अकरा फोटो साठवले होते. बहुतेक २०१६ ते २०१९ या काळातले, एकाच साच्याचे: अतिशय बारीक कंबर आणि त्याखाली एकदम बाहेर आलेले, वरच्या भागात भरगच्च नितंब. काही फोटोंत मागच्या दाराची चौकट वाकलेली दिसत होती, म्हणजे फोटोच ताणलेला होता.

आदर्श बदलतात हे रुग्णाला नुसते सांगून उपयोग नसतो, पण कालक्रम दाखवला की कळते. युरोपात १८७० आणि १८८० च्या दशकांत स्त्रिया झग्याखाली मागे बसल नावाची चौकट बांधून नितंब उंच दाखवत. १९२० च्या दशकात त्याच समाजाला सपाट, मुलासारखी आकृती हवी झाली. १९९० च्या दशकात फॅशनमध्ये कमालीचा बारीकपणा होता, २०१० नंतर भरीव नितंब आले, आणि गेल्या काही वर्षांत वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबरोबर बारीकपणा पुन्हा वर आला आहे. या इतिहासाला काळी बाजूही आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या खोईखोई समाजातल्या सारा बार्टमनला १८१० पासून लंडनमध्ये आणि पुढे पॅरिसमध्ये तिच्या नितंबांसाठी प्रदर्शनात उभे केले गेले. १८१५ मध्ये ती गेली, आणि तिचे अवशेष मायदेशी परतायला २००२ साल उजाडले. ज्या आकाराची एका शतकात टवाळी झाली, तोच दुसऱ्या शतकात विकत मिळू लागला. फरक एवढाच की बसल रात्री काढून ठेवता येत असे.

सर्जनने तिला वेगळे फोटो आणायला सांगितले: तिचे स्वतःचे, ज्या वयात तिला स्वतःची ठेवण आवडत होती तेव्हाचे. तिने ६३ किलो वजनाच्या दिवसांतला एक फोटो आणला. त्यातले नितंब त्या अकरा फोटोंपेक्षा बरेच लहान होते. चर्चा तिथून पुढे त्याच फोटोवर झाली.

तपासणी

उभे राहून चिमटीत चरबी मोजली. पोटावर सुमारे २ सेमी, कमरेच्या बाजूंना ३, मांड्यांच्या आतल्या बाजूला दीड. यावरून ओढून मिळणाऱ्या शुद्ध चरबीचा अंदाज ७०० ते ८०० मिली, तोही दोन्ही बाजूंना मिळून.

इथेच पहिल्या क्लिनिकचे गणित कोसळले. ९०० मिली गुणिले दोन म्हणजे १८०० मिली शुद्ध चरबी. ओढलेल्या द्रवात साधारण निम्मी चरबी धरली, बाकीचे ओढण्याआधी टोचलेले पाणी आणि थोडे रक्त, तर साडेतीन लिटरच्या वर उपसा करावा लागला असता. जाड थर असलेल्या शरीरात ते जमते. या शरीरात पोटाला आणि मांड्यांना कायमचे खड्डे पडले असते आणि तरी आकडा गाठला नसता. मग मिलीलिटर भरून काढण्याचा एकच मार्ग उरतो: त्वचेखालचा थर तट्ट फुगला की सुई स्नायूत घालणे. मृत्यू तिथेच होतात.

आणखी तीन गोष्टी नोंदल्या गेल्या. कटीच्या हाडाची कड आणि मांडीच्या हाडाचे वरचे टोक यांच्यामधला खळगा, ज्याला सगळे ‘हिप डिप’ म्हणतात, तिला ठळक होता. हा दोष नाही, हाडांची ठेवण आहे. चरबीने तो उथळ होतो, पण त्वचा तिथे खोल थराला घट्ट चिकटलेली असल्याने भरलेली चरबी तिथे कमी टिकते. दुसरी गोष्ट, हिमोग्लोबिन १०.९. तिसरी, शरीरप्रतिमेच्या विकाराची चाळणी: या भागाचा विचार दिवसातून किती वेळ येतो, त्यामुळे काय टाळले जाते, आरशात किती वेळा पाहिले जाते. दिवसात तासाभराहून अधिक वेळ जात असेल आणि कामावर किंवा नात्यांवर परिणाम होत असेल, तर सुरीआधी मानसोपचारतज्ज्ञ. तिचे उत्तर ‘अर्धा तास, कपडे घालताना’ असे होते. चाळणी पार झाली.

पर्याय

*इम्प्लांट.* चरबी नसलेल्या सडपातळ व्यक्तीला हा खरा पर्याय असतो. घट्ट सिलिकॉनचा तुकडा दोन नितंबांमधल्या फटीतल्या चिरेतून ग्लुटियस मॅक्सिमस या नितंबाच्या मुख्य स्नायूच्या आत बसवतात. त्वचेखाली बसवला तर खाली घसरतो आणि कड हाताला लागते. स्नायूच्या फार खाली गेले तर सायटिक नसेला धोका. पण सर्वात मोठी अडचण चिरेची. ती जागा घामाची, जंतूंची आणि बसताना ताण येणारी, त्यामुळे टाके उसवणे, पाणी साठणे, जंतुसंसर्ग होऊन इम्प्लांट काढावे लागणे हे प्रकार इथे छातीच्या इम्प्लांटपेक्षा जास्त दिसतात. या रुग्णेकडे थोडी का होईना चरबी होती आणि तिला कंबरही कमी करायची होती. इम्प्लांटने कंबर बदलत नाही. पर्याय मागे पडला.

*फिलर.* हायल्युरॉनिक अॅसिड किंवा पॉली-एल-लॅक्टिक अॅसिडची इंजेक्शने छोट्या खळग्याला चालतात. पूर्ण आकारासाठी लागणारे प्रमाण एवढे असते की खर्च आणि संसर्गाचा धोका दोन्ही हाताबाहेर जातात, आणि परिणाम ओसरतो. पातळ सिलिकॉन टोचून घेणे हा पर्यायच नाही: ते सरकते, गाठी करते, रक्तवाहिनीत गेले तर जीव घेते आणि पुन्हा पूर्ण काढता येत नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये शरीराला आकार देण्यासाठी सिलिकॉन टोचण्याविरुद्ध जाहीर इशारा दिला होता.

*लिफ्ट.* जादा त्वचा कापून वर ओढणे. मोठे वजन उतरलेल्यांसाठी. हिची सैल त्वचा त्या मानाने नगण्य, आणि व्रण लांबलचक.

*व्यायाम.* याला तिने सुरुवातीला हसून टाळले. ग्लुटियस मॅक्सिमस हा शरीरातला सर्वात मोठा स्नायू आहे आणि वजन उतरवताना तिचा तोच गेला होता. उपाशी राहून चालण्याने तो परत येत नाही.

*चरबी प्रत्यारोपण, म्हणजे बीबीएल (ब्राझिलियन बट लिफ्ट).* लायपोसक्शनने, म्हणजे नळीने ओढून, काढलेली स्वतःचीच चरबी नितंबात भरणे. याचा धोका नीट समजून घ्यायला हवा, कारण तो नेहमीच्या ‘प्रत्येक ऑपरेशनला थोडा धोका असतोच’ या वाक्यात मावत नाही. ग्लुटियस मॅक्सिमसच्या खाली ओटीपोटातून बाहेर येणाऱ्या दोन रुंद, आखूड, पातळ भिंतीच्या शिरा असतात. त्या काही सेंटिमीटरांत मोठ्या शिरेला मिळतात आणि तिथून रक्त थेट हृदयाच्या उजव्या बाजूला जाते. स्नायूत दाबाने भरलेली चरबी शिरेच्या फाटीतून आत ओढली गेली तर तिचे गोळे हृदय आणि फुप्फुसात अडकतात. मृत्यू बहुधा टेबलावरच किंवा काही तासांत. २०१७ मध्ये सौंदर्यशस्त्रक्रियेच्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत मृत्यूचे प्रमाण सुमारे ३००० मध्ये एक निघाले. निव्वळ हौसेच्या शस्त्रक्रियेसाठी हे भयंकर आहे. दगावलेल्यांच्या शवविच्छेदनांत चरबी स्नायूत किंवा त्याखाली सापडली.

त्यावरून २०१८ मध्ये शल्यचिकित्सकांच्या संघटनांनी एकत्र सूचना काढली: चरबी फक्त त्वचेखाली, स्नायूत कधीही नाही. ब्रिटनच्या संघटनेने तेव्हा आपल्या सदस्यांना ही शस्त्रक्रिया थांबवायलाच सांगितले, आणि २०२२ मध्ये ‘त्वचेखाली आणि अल्ट्रासाउंड लावूनच’ या अटीवर परवानगी दिली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने अल्ट्रासाउंड बंधनकारक केला आणि एका सर्जनला दिवसात तीनच अशा शस्त्रक्रियांची मर्यादा घातली. अल्ट्रासाउंड का लागला? कारण सूचना निघाल्यावरही मृत्यू झाले, आणि ‘मी वरच्याच थरात होतो’ असे मानणाऱ्या सर्जनांच्या रुग्णांतही चरबी स्नायूत मिळाली. हाताच्या अंदाजाला थर कळत नाही.

निर्णय

हिमोग्लोबिनने निर्णय सोपा केला. १२ च्या खाली लायपोसक्शन करणार नाही, असे भूलतज्ज्ञाने स्पष्ट सांगितले. म्हणजे लोह सुरू करून तीन महिने थांबणे आलेच. हा वेळ वाया घालवण्याऐवजी पाच महिन्यांचा कार्यक्रम ठरला: आठवड्यातून तीन दिवस हिप थ्रस्ट, रोमेनियन डेडलिफ्ट आणि स्प्लिट स्क्वॉट, प्रत्येकी ८ ते १२ आवर्तनांचे तीन ते चार सेट, दर एक-दोन आठवड्यांनी भार वाढवत, वजनाच्या प्रत्येक किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिने, वजन ५८ ते ६० मध्ये स्थिर. सिगारेट शस्त्रक्रियेआधी किमान चार आठवडे बंद, कारण निकोटिनने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात आणि भरलेल्या चरबीला पहिले काही दिवस आजूबाजूच्या ऊतींतून झिरपणाऱ्या प्राणवायूवरच जगायचे असते. गोळ्याही चार आठवडे आधी बंद, रक्ताच्या गुठळीच्या भीतीने.

पहिल्या क्लिनिकला आगाऊ रक्कम द्यायची नाही, हे तिने स्वतः ठरवले. तिला पटले ते चरबीचे गणित. धोक्याची आकडेवारी नव्हे. असे नेहमी होते. ३००० मध्ये एक हा आकडा कोणालाच स्वतःचा वाटत नाही. ‘तुमच्या अंगात एवढी चरबीच नाही’ हे मात्र लगेच कळते.

पाच महिन्यांनी: वजन ५९.५, हिमोग्लोबिन १२.८, नितंबांचा घेर ९२ वरून ९४ सेमी, कंबर ७४ ची ७४. तिला फरक दिसला, पण पुरेसा वाटला नाही. मर्यादित प्रमाणाचे चरबी प्रत्यारोपण ठरले, एका बाजूला कमाल ४०० मिली, आणि ही कमाल संमतीपत्रात लिहिली गेली.

शस्त्रक्रिया

सकाळची पहिली केस. संपूर्ण भूल. पायांना हवेच्या दाबाचे मोजे, अंगाखाली आणि वर गरम हवेचे पांघरूण, चरबी ओढण्याआधी टोचायचे द्रव कोमट. उघड्या अंगावर दोन-तीन तास द्रव ओतत राहिले की शरीर झपाट्याने थंड होते. सलाइनच्या प्रत्येक लिटरमध्ये १ मिलीग्रॅम अॅड्रेनलिन (रक्तस्राव कमी करायला) आणि ४०० मिलीग्रॅम लिडोकेन (बधिर करायला). एकूण दोन लिटर, म्हणजे ८०० मिलीग्रॅम लिडोकेन, ३५ मिलीग्रॅम प्रति किलोच्या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी.

पोट, कमरेच्या बाजू आणि पाठीचा खालचा भाग यांतून ४ मिमी कॅन्युलाने, म्हणजे पोकळ नळीने, १६५० मिली द्रव ओढला. बंद भांड्यात स्थिरावून, खालचे पाणी सोडून, सलाइनने धुऊन ७६० मिली चरबी उरली. मांड्यांना हात लावला नाही.

भरण्यासाठी न वाकणारा ४ मिमीचा बोथट कॅन्युला. बारीक कॅन्युला वाकतो, आणि वाकलेले टोक कुठे गेले हे कळत नाही. रुग्ण पालथी, टेबल कमरेत किंचित मोडलेले, म्हणजे कॅन्युलाचा रोख खाली न जाता त्वचेला समांतर राहतो. सहायकाच्या हातात अल्ट्रासाउंडचा प्रोब. पडद्यावर स्नायूवरचे पांढरे आवरण सतत दिसले पाहिजे आणि टोक त्याच्या वर. टोक दिसेनासे झाले की भरणे बंद. चरबी कॅन्युला हलत असतानाच सोडायची, एका जागी थांबून कधीच नाही.

उजवीकडे ३५५, डावीकडे ३४० मिली गेल्यावर छिद्रातून चरबी परत बाहेर येऊ लागली आणि त्वचा फिकट, ताठ झाली. ६५ मिली चरबी शिल्लक होती. ती टाकून दिली. परवानगी ४०० ची असली तरी थांबवण्याचा हक्क ऊतीचा असतो: ताणलेल्या जागेत रक्तपुरवठा तुटतो आणि जादा भरलेली चरबी शेजारच्या चरबीलाही मारते.

नंतरचे आठवडे

पहिली रात्र दवाखान्यात, ऑक्सिजनच्या पातळीवर लक्ष ठेवून. त्याच संध्याकाळी चालवले. घरी जाताना लिहून दिले: धाप, छातीत दुखणे, एका पोटरीला सूज, ताप, पसरत जाणारी लाली, गोंधळल्यासारखे होणे, यांपैकी काहीही झाले तर फोन न करता थेट तातडीच्या विभागात.

दोन आठवडे नितंबांवर बसणे बंद, झोप पालथी, नितंबांवर दाब न देणारा घट्ट पोशाख सहा आठवडे. आठव्या दिवशी पाठीच्या खालच्या भागात पाणी साठले. सुईने ४० मिली काढले, चार दिवसांनी पुन्हा २५. हे अपेक्षित होते.

अपेक्षित नव्हते ते उशीचे. सोळाव्या दिवसापासून ती कामाच्या खुर्चीत उशी घेऊन बसू लागली, पण उशी मांड्यांखाली ठेवण्याऐवजी नितंबांखाली ठेवली. अशाने ज्या भागाला दाबापासून वाचवायचे, त्यावरच दाब येतो. दहाव्या दिवसाच्या भेटीत तिला तोंडी सांगितले होते. खुर्चीवर बसवून दाखवले नव्हते. पाचव्या आठवड्यात उजव्या नितंबाच्या खालच्या भागात टणक गाठ लागली. अल्ट्रासाउंडमध्ये २ सेमीची तेलाची गाठ, म्हणजे मेलेल्या चरबीची. उशीमुळेच झाली असे खात्रीने म्हणता येत नाही, पण जागा जुळत होती. तीन महिन्यांत ती निम्मी झाली. काही केले नाही.

निकाल

दुसऱ्या आठवड्यात घेर ९८.५ सेमी होता, त्यात सूज. सहा महिन्यांनी ९६ वर स्थिरावला. कंबर ७४ वरून ७०. कंबर आणि नितंबांच्या घेराचे गुणोत्तर ०.८० वरून ०.७३ झाले. नितंबांत व्यायामाने २ सेमी आणि चरबीने २ सेमी वाढली. कमरेतून ४ सेमी गेले. डोळ्यांना जो ‘भरलेपणा’ दिसतो त्यातला मोठा वाटा कमरेच्या लायपोसक्शनचा असतो. जाहिरातीत तो मिलीलिटरच्या खात्यात जमा करतात.

हिप डिप उथळ झाले, गेले नाहीत. यावर ती नाराज होती. चौथ्या महिन्यात तिने दुसरा टप्पा मागितला. नकार देण्यात आला: पोटावर आता ओढण्यासारखी चरबी नव्हती आणि परिणाम अजून स्थिरावायचा होता. चौदाव्या महिन्यात ती आली तेव्हा वजन ५५ होते, घेर ९४.५. दुसऱ्या टप्प्याचा विषय तिने काढला नाही. उलट वजन कमी करणारे इंजेक्शन घेऊ का, असे विचारले. पोटातून आणलेल्या पेशी नव्या जागीही पोटातल्यासारख्याच वागतात, शरीर उतरले की त्याही उतरतात, हे तिला पुन्हा सांगावे लागले. एवढ्या बीएमआयला त्या औषधाची गरजही नव्हती.

काय वेगळे करता आले असते

उशीचा मुद्दा स्पष्ट आहे. आता शस्त्रक्रियेआधीच रुग्णाला खुर्चीवर उशीसह बसवून पाहतात, आणि कामाच्या खुर्चीचा फोटो मागवतात.

चौथ्या महिन्यातली मागणी केवळ चरबी नाही म्हणून नाकारली, हे अपुरे होते. शरीरप्रतिमेची चाळणी तेव्हा पुन्हा करायला हवी होती. आधीच्या उत्तरात ‘अर्धा तास’ होता. वर्षभराने तो तेवढाच होता की वाढला होता, हे कोणी विचारले नाही. इंजेक्शनच्या प्रश्नावर तरी ते विचारले जायला हवे होते, तिथेही राहून गेले.

पाच महिने पुरेसे होते का, यावर टीममध्ये आजही एकमत नाही. व्यायाम सुरू केलेल्या व्यक्तीचा स्नायू वर्षभर ठळकपणे वाढू शकतो, आणि तिची २ सेमी अजून वाढतीच होती. सर्जनचे मत असे की कंबर व्यायामाने कमी झाली नसती, म्हणून शस्त्रक्रिया योग्य. फिजिओथेरपिस्टचे मत असे की मग कमरेचे लायपोसक्शन तेवढे करून नितंबांना वर्षभर व्यायामावर सोडायला हवे होते. भूल तीच, पण जीवघेणा टप्पा गाळला गेला असता. हा पर्याय रुग्णेसमोर मांडलाच गेला नव्हता. पर्यायांच्या यादीत तो आता ‘फक्त लायपोसक्शन, भरणे नाही’ म्हणून पहिल्या भेटीतच लिहिला जातो.